जळून गेल्यावर जे उरलं: विल्यम केरी यांचं जीवन

आजचं वाचन: १ करिंथ ३:१०–१५ आणि रोम ५:१–५



आजच्या पहिल्या उताऱ्यात पौल बांधकामाच्या भाषेत बोलतो. पाया सगळ्यांचा एकच, तो म्हणजे ख्रिस्त. त्यावर कोणी टिकाऊ सामानाने बांधतो, कोणी गवत-पेंढ्याने, आणि एक दिवस प्रत्येकाचं काम आगीतून जाणार असतं. दुसऱ्या उताऱ्यात तोच पौल संकटापासून आशेपर्यंत एक साखळी जोडतो. संकट आलं की धीर येतो, धीरातून शील घडतं आणि शीलातून आशा. चर्चमध्ये हे दोन्ही उतारे आपण इतक्यांदा ऐकलेत की आता ते कानावरून निघून जातात. म्हणून आज एका माणसाचं आयुष्य बघूया, ज्याचं काम खरोखरच आगीत गेलं. शब्दशः आगीत.

विल्यम केरी हे नाव आपण संडे स्कूलमध्ये ऐकलेलं असतं. चांभारकाम करणारा मुलगा, पुढे मोठा मिशनरी झाला, खूप भाषांमध्ये बायबल आणलं, गोष्ट संपली. मधली पानं मात्र आपल्याला फारशी कोणी वाचून दाखवत नाही, आणि आजच्या वचनांचा अर्थ त्या पानांतच आहे.

विल्यमचा जन्म १७ ऑगस्ट १७६१ रोजी इंग्लंडच्या नॉर्थॅम्प्टनशायरमधल्या पॉलर्सपरी नावाच्या खेड्यात झाला. वडील हातमागावर विणकाम करायचे आणि पुढे गावच्या शाळेत शिकवू लागले. विल्यमला त्वचेचा त्रास होता, उन्हात काम केलं की अंग पोळायचं. त्यामुळे शेतमजुरीचा रस्ता बंद झाला आणि चौदाव्या वर्षाच्या सुमाराला त्याला एका बूट बनवणाऱ्याकडे उमेदवारीला ठेवलं. तिथे त्याच्यासोबत काम शिकणारा जॉन वॉर नावाचा एक मुलगा होता. त्याच्याशी रोज होणाऱ्या वादातून आणि बोलण्यातून विल्यमचा विश्वास जिवंत झाला. एका सहकाऱ्याची साक्ष कुठवर पोचते बघा. त्या जॉन वॉरचं नाव आज फारसं कोणाला माहीत नाही.

१७८१ मध्ये, वयाची वीस वर्षंही पूर्ण झाली नव्हती तेव्हा, विल्यमने डॉरथी प्लॅकेटशी लग्न केलं. ती त्याच्यापेक्षा काही वर्षांनी मोठी होती आणि तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. लग्नाच्या नोंदवहीत तिने सहीऐवजी फुली काढली. पहिली मुलगी लहानपणीच तापाने गेली. त्याच तापाने केरींनाही गाठलं, ते कसेबसे वाचले आणि तरुणपणीच टक्कल पडलं. पुढे आणखी एक मुलगी गेली. पोट भरण्यासाठी एकाच वेळी तीन कामं चालू होती: बूट शिवणं, मुलांना शिकवणं आणि छोट्या बॅप्टिस्ट मंडळीची पाळकी. मोल्टन गावी असताना त्यांनी हाताने जगाचा एक मोठा नकाशा बनवला आणि भिंतीवर लावला. प्रत्येक देशाची लोकसंख्या आणि धर्म त्यावर टिपून ठेवला. बूट शिवता शिवता ते त्या नकाशाकडे बघत आणि प्रार्थना करत. त्याच आकडेवारीवर आधारलेलं त्यांचं छोटं पुस्तक १७९२ मध्ये आलं. सुवार्ता इतर देशांत नेणं ही आजच्या ख्रिस्ती लोकांचीही जबाबदारी आहे, असं त्यात त्यांनी मांडलं होतं. त्याच वर्षी २ ऑक्टोबरला केटरिंग गावातल्या एका विधवा बाईंच्या घरात मूठभर पाळक जमले आणि बॅप्टिस्ट मिशनरी सोसायटी सुरू झाली. त्या दिवशी कबूल झालेली वर्गणी होती १३ पौंड, २ शिलिंग आणि ६ पेन्स.

इथपर्यंतचं सगळं ऐकायला छान वाटतं. इथून पुढे गोष्ट अवघड होते.

केरींनी भारतात जायचं ठरवलं तेव्हा डॉरथीने नकार दिला. ती गरोदर होती, हाताशी लहान मुलं होती आणि आपल्या गावापासून लांब ती कधी गेलीच नव्हती. केरी थोरल्या मुलाला, फेलिक्सला, घेऊन निघाले. पण परवाना नव्हता आणि सोबतच्या डॉ. जॉन थॉमस यांच्या मागे देणेकरी लागलेले, म्हणून त्या पहिल्या जहाजावरून त्यांना उतरावं लागलं. त्या उशिरात डॉरथीचं बाळंतपण पार पडलं होतं. दोघे पुन्हा तिच्याकडे गेले. थॉमस यांनी तिच्यावर बराच दबाव आणला: आत्ता आली नाहीस तर कुटुंब कायमचं दुभंगेल, आयुष्यभर पस्तावशील. शेवटी, बहीण किटी सोबत येणार असेल तर येते, असं ती म्हणाली. तान्हं बाळ घेऊन, अगदी थोड्या वेळात सगळं गुंडाळून, १३ जून १७९३ रोजी हे कुटुंब एका डॅनिश जहाजावर चढलं आणि नोव्हेंबरमध्ये कोलकात्याला पोचलं.

तिथे थॉमस यांच्या हातून पैसे भराभर संपले. त्यांचं बिऱ्हाड एका जागेवरून दुसऱ्या जागी हलत राहिलं आणि अखेर सुंदरबनच्या कडेला, जंगल साफ करून शेती करायला जाऊन बसलं. डॉरथीला आणि मुलांना जुलाबाचा त्रास सुरू झाला. काही महिन्यांनी माल्दाजवळ मुदनाबाटी इथे नीळ बनवण्याच्या कारखान्यावर देखरेखीचं काम मिळालं, म्हणून पुन्हा सामान बांधलं. किटी मात्र मागे राहिली, तिचं तिथेच लग्न ठरलं होतं. म्हणजे ज्या एका माणसाच्या भरवशावर डॉरथी समुद्र ओलांडून आली होती, तेही माणूस सुटलं.

१७९४ च्या ऑक्टोबरमध्ये त्यांचा मुलगा पीटर गेला. पाच वर्षांचा होता. त्याला पुरण्यासाठी खड्डा खणायला आणि त्याचा देह उचलायला माणसं मिळेनात, इतकं ते परकं गाव होतं. केरी स्वतः तापाने खंगलेले. त्यानंतर काही महिन्यांतच डॉरथीचं मन ढळलं. नवरा आपल्याला फसवतोय या संशयाने ती पछाडली गेली. रस्त्यात, लोकांसमोर ती त्यांना शिव्या द्यायची, कधी अंगावर धावून जायची. आज आपण याला मानसिक आजार म्हणू, उपचार शोधू. तेव्हा तसं काही नव्हतं. तिला घरापासून दूर ठेवावं असं सुचवलं गेलं, पण केरींनी तिला घरातच ठेवलं. १८०७ च्या डिसेंबरमध्ये ती गेली, तोपर्यंतची जवळपास बारा वर्षं अशीच गेली. शेवटच्या काळात तिला खोलीत बंद ठेवावं लागे आणि शेजारच्या खोलीत केरी भाषांतर करत बसलेले असत.

इथे मला थांबावंसं वाटतं. आपल्या ख्रिस्ती मंडळींमध्ये एक सवय आहे. कोणाच्या आयुष्यात काही भयंकर घडलं की आपण लगेच वचन काढून देतो: देवाने हे तुझ्या वाढीसाठीच दिलंय. केरींच्या गोष्टीतही असंच होतं. डॉरथी त्यांच्या गोष्टीतली एक परीक्षा बनून जाते, जणू तिचा जन्म नवऱ्याला धीर शिकवण्यासाठीच झाला होता. पण डॉरथी ही देवाची लेकरू होती, कोणाच्या अभ्यासक्रमातला धडा नव्हती. तिने तीन लेकरं पुरली होती. तिचा निर्णय तिच्याकडून जवळजवळ ओढून घेतला गेला. केरींच्या आज्ञाधारकपणाची किंमत त्यांनी एकट्याने मोजली नाही, मोठा वाटा तिने मोजला, आणि तिला कोणी नीट विचारलंही नव्हतं. हे झाकून ठेवलं तर आपण खोटी साक्ष देतो.

आणि एक गोष्ट लक्षात घ्या. संकट आपोआप कोणाला घडवत नाही. तोच प्रवास, तोच ताप, तीच गरिबी तिघांच्या वाट्याला आली होती. डॉरथी त्याखाली मोडली. जॉन थॉमस यांचंही मन पुढे ढळलं. याकोबाच्या पत्रात किंवा रोमकरांच्या पत्रात संकटाची स्तुती कुठेच नाही. पौलाची साखळी तुटत नाही, कारण तिच्या शेवटी पवित्र आत्म्याने अंतःकरणात ओतलेली देवाची प्रीती आहे. ती जमेत धरली नाही तर संकट हे फक्त संकटच असतं. मोडलेल्या माणसावर देवाची प्रीती कमी होते असंही तिथे कुठे लिहिलेलं नाही. माझा विश्वास आहे की डॉरथी आज ज्याच्याजवळ आहे, त्याने तिचे सगळे अश्रू पुसले आहेत.

आता पुढे जाऊया. १८०० च्या जानेवारीत केरी कुटुंब सेरामपूरला आलं. हे म्हणजे आपल्या नगर जिल्ह्यातलं श्रीरामपूर नव्हे. हुगळी नदीकाठचं, कोलकात्याजवळचं हे श्रीरामपूर तेव्हा डेन्मार्कच्या ताब्यात होतं. ईस्ट इंडिया कंपनीला आपल्या मुलखात मिशनरी नको होते, त्यामुळे डॅनिश गावाने आसरा दिला. इथे केरींना दोन साथीदार मिळाले: छपाईचं काम जाणणारे विल्यम वॉर्ड आणि शिक्षक जोशुआ मार्शमन. जोशुआ यांच्या पत्नी हॅना मार्शमन यांनी तर केरींची मुलं सांभाळली. ती तोवर रानोमाळ वाढत होती, कारण आई आजारी आणि वडील कामात बुडालेले. हॅना नसत्या तर त्या मुलांचं काय झालं असतं कोण जाणे. सगळे एकत्र राहत, एका पंगतीत जेवत, कमाई एका पेटीत टाकत.

भारतात येऊन सात वर्षं झाली तरी एकाही स्थानिक माणसाने बाप्तिस्मा घेतला नव्हता. सात वर्षं! आपण सात दिवस प्रार्थना करतो आणि उत्तर आलं नाही की देवाने मेसेज वाचूनही उत्तर दिलं नाही असं समजतो. मग कृष्ण पाल नावाच्या सुताराचा हात निखळला, डॉ. थॉमस यांनी तो बसवला आणि त्या निमित्ताने तो येशूविषयी ऐकू लागला. २८ डिसेंबर १८०० रोजी हुगळीच्या पाण्यात त्याचा बाप्तिस्मा झाला. सात वर्षं ज्याची वाट पाहिली तो दिवस. त्याच दिवशी थॉमस यांचं मन आनंदाच्या भरात पूर्ण ढळलं होतं आणि त्यांना एका खोलीत बंद ठेवलेलं होतं, दुसऱ्या खोलीत डॉरथी. नदीवर उपासना चालू आणि घरातून त्या दोघांचा आरडाओरडा. केरींच्या आयुष्यात आनंदाचा दिवस असा, दुःखाला सोबत घेऊनच आला. आपल्यालाही बहुतेकदा तसाच मिळतो. सगळं सुरळीत झाल्यावर देवाची स्तुती करू म्हणणाऱ्याला ती करायची संधी फारशी मिळत नाही.

१८०१ मध्ये बंगालीतला नवा करार छापून झाला. त्याच वर्षी कोलकात्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात केरींना बंगाली शिकवायला बोलावलं, पुढे संस्कृत आणि मराठीही त्यांच्याकडे आलं. शाळेत फारसं न शिकलेला, बूट शिवणारा माणूस कंपनीच्या गोऱ्या अधिकाऱ्यांना मराठी शिकवत होता! त्यांचं मराठी व्याकरण १८०५ मध्ये आलं आणि मोडी अक्षरांतला मराठी शब्दकोश १८१० मध्ये. १८११ मध्ये मराठीतला नवा करार छापला गेला. या कामात वैजनाथ पंडितांची मोठी मदत होती. छापखान्यातले भारतीय लिप्यांचे खिळे पंचानन कर्मकार आणि त्यांचे जावई मनोहर यांच्या हातचे होते. ही नावं आपण विसरू नयेत. केरी एकटे काही करत नव्हते.

त्या काळातला त्यांचा दिवस पाहिला की दमायला होतं. पहाटे पावणेसहाला उठून हिब्रू बायबलचा एक अध्याय. मग घरच्यांसोबत आणि नोकरांसोबत बंगालीत प्रार्थना. नाश्त्याआधी मुन्शीकडे फारसी. मग पंडितांसोबत संस्कृतातून रामायणाचं भाषांतर. दुपारपर्यंत कॉलेज. परत येऊन मुद्रितं तपासणं, भाषांतर, संध्याकाळी तेलुगू, मग उपदेश, मग पुन्हा रात्री अकरापर्यंत भाषांतर, पत्रं आणि झोपण्यापूर्वी ग्रीक नव्या कराराचा एक अध्याय. स्वतःच्या हुशारीबद्दल कोणी बोललं तर त्यांना आवडत नसे. आपल्याला एकच गोष्ट जमते, नेटाने रेटत राहणं, असं ते मानायचे.

आणि मग ११ मार्च १८१२ ची संध्याकाळ आली.

केरी कॉलेजच्या कामासाठी कोलकात्याला होते. सेरामपूरच्या छापखान्यात वॉर्ड हिशेब बघत बसले होते. त्यांना धूर दिसला. इमारत सुमारे २०० फूट लांब, आत कागदाचे गठ्ठेच गठ्ठे. वॉर्ड यांनी दारं-खिडक्या बंद करायला लावल्या, म्हणजे हवा मिळणार नाही आणि आग दबेल. वरून छपरात भोक पाडून तासन्‌तास पाणी ओतलं. आग आटोक्यात येत होती. तेवढ्यात कोणीतरी एक खिडकी उघडली. वारा आत शिरला आणि मध्यरात्रीपर्यंत छप्पर कोसळलं. आग कशी लागली हे कधीच कळलं नाही.

काय गेलं? चौदा पूर्वेकडच्या लिप्यांचे खिळे वितळून गेले. छपाईचा कागद गेला. बायबलच्या अनेक भाषांतरांची हस्तलिखितं गेली. तेलुगू व्याकरण गेलं, पंजाबी व्याकरणाचा बराच भाग गेला. आणि ज्याच्यावर केरींनी वर्षानुवर्षं जीव ओतला होता, तो संस्कृताशी नातं असलेल्या भाषांचा प्रचंड बहुभाषी शब्दकोश गेला. पैशातलं नुकसान सुमारे १० हजार पौंड. पण पैसे परत मिळतात. हाताने लिहिलेलं पान एकच असतं.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे एखाद्या दिवसाचं काम उडालं तर टीममध्ये सुतक असतं, आणि तेही तीन ठिकाणी बॅकअप असताना. केरींकडे बॅकअप नव्हता. कार्बन पेपरही नव्हता. त्या राखेत त्यांच्या आयुष्यातली वर्षं होती, डॉरथीच्या खोलीशेजारी बसून लिहिलेली पानंही कदाचित होती.

दुसऱ्या दिवशी मार्शमन कोलकात्याला गेले आणि त्यांनी केरींना ही बातमी दिली. केरी सुन्न झाले, त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. संध्याकाळी सेरामपूरला येऊन त्यांनी ढिगारा पाहिला. त्या रविवारी त्यांनी उपदेशासाठी स्तोत्र ४६ मधलं दहावं वचन घेतलं, शांत राहून देव देव आहे हे ओळखण्याविषयीचं. त्यांनी दोन मुद्दे मांडले: देवाला आपल्या बाबतीत हवं ते करण्याचा अधिकार आहे, आणि तो मान्य करणं हे आपलं कर्तव्य आहे. त्यांनी आगीमागचं कारण शोधून सांगितलं नाही, अमुक पापाची ही शिक्षा असंही म्हटलं नाही. देव कोण आहे आणि आपण कोण, इतकंच.

इकडे वॉर्ड ढिगारा उपसत होते, आणि राखेखाली त्यांना एक गोष्ट सापडली. छपाईचे खिळे कसे बनायचे हे थोडं समजून घेऊ. आधी पोलादाच्या कांडीच्या टोकावर एक अक्षर कोरायचं, तो झाला ठसा. तो ठसा तांब्याच्या तुकड्यावर ठोकला की अक्षराचा खोलगट साचा बनतो, त्याला मातृका म्हणतात. त्या साच्यात वितळलेलं शिसं ओतलं की खिळा तयार. शिशाचे खिळे आगीत वितळून गेले होते. पण पोलादी ठसे आणि तांब्याचे साचे शाबूत होते. सुमारे ४००० ठसे! छापण्याची यंत्रंही वाचली होती. वितळून गोळा झालेलं तेच शिसं घेऊन कारागिरांनी दिवसरात्र पुन्हा खिळे ओतायला सुरुवात केली. काही महिन्यांतच एकामागून एक भाषांची छपाई परत सुरू झाली.

मला इथे पौलाची साखळी डोळ्यांसमोर दिसते. रोम ५ मध्ये आपण ज्याला शील म्हणतो, त्या जागी मूळ ग्रीक शब्द आहे दोकिमे. पारखून, कसाला लावून खरं ठरलेलं असा त्याचा अर्थ. आपण रोज जे काही बनवतो, करिअर, नाव, सेवेतली पदं, ते शिशाचे खिळे आहेत. उपयोगाचे आहेत, पण आग लागली की वितळतात. आत कुठेतरी देव पोलादावर हळूहळू एक अक्षर कोरत असतो, ख्रिस्ताचं स्वरूप. ते वितळत नाही. आणि ते शाबूत असेल तर खिळे पुन्हा ओतता येतात, त्याच वितळलेल्या शिशातून.

केरींनी भाषांतरं पुन्हा करायला घेतली. एकदा चाललेली वाट दुसऱ्यांदा चालताना पाऊल जास्त नेमकं पडतं, असं त्यांचं म्हणणं होतं. ज्याने तेच काम दोनदा केलंय त्याला हे पटेल. आगीची बातमी इंग्लंडला पोचली तेव्हा साधारण दोन महिन्यांच्या आत १० हजार पौंड जमले. ज्या कामाची सुरुवात १३ पौंडांनी झाली होती, त्याचं नाव या आगीमुळेच घरोघरी गेलं.

पण सगळं परत मिळालं असं सांगून मी तुम्हाला फसवणार नाही. तो बहुभाषी शब्दकोश पुढे कधीच छापून आला नाही. पुढची वर्षंही सोपी गेली नाहीत. १८०८ मध्ये केरींनी शार्लट रूमोर यांच्याशी लग्न केलं होतं. त्या प्रकृतीने अपंग होत्या, भाषांची त्यांना उत्तम जाण होती आणि केरींच्या कामात त्या मनापासून सोबत होत्या. १८२१ मध्ये त्या गेल्या. १८२२ मध्ये थोरला मुलगा फेलिक्स गेला. १८२३ मध्ये होडीतून उतरताना पाय घसरून केरींच्या कमरेला जबर दुखापत झाली, आणि त्याच सुमाराला पुराने त्यांचं घर आणि जिवापाड जपलेली बाग नेली. वनस्पतींवर त्यांचं फार प्रेम होतं. त्यांनी ती बाग पुन्हा लावली. नव्या पिढीच्या मिशनऱ्यांशी मतभेद वाढत गेले आणि १८२७ मध्ये, ज्या सोसायटीच्या जन्माला ते स्वतः हजर होते, तिच्यापासूनच सेरामपूरचं काम वेगळं झालं. १८३० नंतर कोलकात्यातल्या मोठ्या पेढ्या बुडाल्या आणि मिशनचे ठेवलेले पैसेही त्यांत गेले. ९ जून १८३४ रोजी केरींनी प्रभूत विश्रांती घेतली. तोपर्यंत सेरामपूरहून तीसहून अधिक भाषांत बायबलचे भाग छापून निघाले होते, आणि १८१८ मध्ये सुरू केलेलं कॉलेज उभं होतं. ते आजही उभं आहे.

मराठीचं काय झालं? केरींच्या मराठी भाषांतराची भाषा इकडच्या लोकांना सहज समजेना. मुंबईच्या अमेरिकन मिशनऱ्यांनी नव्याने भाषांतर करून १८२६ मध्ये नवा करार छापला. त्यानंतरही भाषांतरं होत राहिली, केडगावला पंडिता रमाबाईंनी आयुष्याची शेवटची वर्षं त्यातच घालवली. आज तुमच्या मोबाईलवर जे मराठी बायबल आहे, ते केरींचं नाही. म्हणजे जे आगीतून वाचलं, तेही काळाने बाजूला ठेवलं. मग केरींचं काम वाया गेलं का? करिंथकरांच्या पत्रातलं वचन पुन्हा वाचा. एक बांधतो, त्यावर दुसरा बांधतो. आपलं बांधकाम वर दिसत राहावं अशी हमी पौल कोणालाच देत नाही. पाया कायम राहील एवढीच खात्री देतो.

भावंडांनो, तुमच्यापैकी कोणाची नोकरी गेली असेल. कोणाचं लग्न मोडायला आलं असेल. कोणाच्या घरात डॉरथीसारखं आजारी माणूस असेल आणि दार बंद करून तुम्ही लॅपटॉपसमोर बसत असाल, आतला आवाज ऐकत. तुम्हाला आज कारण सापडेलच असं नाही. केरींनाही सापडलं नव्हतं. राख उपसायला मात्र बसा, आणि एकटे बसू नका. वॉर्ड आणि मार्शमन शोधा. हॅनासारखं कोणाची मुलं दोन तास सांभाळता आली तर सांभाळा. घरात कोणाचं मन आजारी असेल तर प्रार्थनेसोबत डॉक्टरांकडेही न्या, तो विश्वासाचा अभाव नाही. आणि आपल्या बोलावण्याची किंमत घरातलं दुसरं कोणी मुकाट्याने मोजत नाहीये ना, हे त्याला समोर बसवून विचारा.

आज मनन करण्यासाठी:

१. माझ्या आयुष्यात शिशाचा खिळा कोणता आणि पोलादी ठसा कोणता?

२. कोणाच्या दुःखावर मी घाईने वचन चिकटवलं आहे का? आज त्या व्यक्तीजवळ नुसतं बसता येईल का?

३. जे काम पुन्हा पहिल्यापासून करायची वेळ आली आहे, ते आज थोडंसं तरी सुरू करता येईल का?

प्रार्थना: हे प्रभू येशू, आमचा पाया तू आहेस. जे जळून गेलं त्याचं दुःख आम्ही तुझ्यासमोर ठेवतो, ते लपवत नाही. जे मोडले आहेत त्यांना तू जवळ घे. जे आज राखेसमोर उभे आहेत त्यांना सोबती दे. आणि आमच्या आत तू जे कोरतो आहेस, ते पूर्ण होईपर्यंत आम्हाला धीर दे. तुझ्याच नावाने मागतो. आमेन.